सामायिक खर्चाची वही

मी फक्त हिशोब ठेवते.
तिबिलीसीच्या चढावरच्या या घरात चार बिऱ्हाडं,
एक स्वयंपाकघर, एक न्हाणी, एक मीटर
आणि ही वही,
जी कुणालाच नको होती म्हणून माझ्याकडे आली.

फेब्रुवारीत न्हाणीची भिंत ठिबकू लागली.
खाली पातेलं ठेवलं, मेदेयाचं.
पातेलं रिकामं कुणी करायचं
यावर एक आख्खा रविवार गेला.

प्लंबरने दोनशे लारी सांगितले.
दोनशे? नुगझार म्हणाला. अर्ध्या तासाचं काम.
चौतीस वर्षं ट्रॉलीबस चालवली मी,
तारेवरून निसटलेला दांडा
भर बर्फात, प्रवाशांच्या शिव्या खात परत चढवलाय.
हा पाइप म्हणजे काय!

पुतण्याचं ड्रिल आणलं त्याने.
शनिवारी सकाळी आम्ही सगळे दाराशी जमलो,
मदतीला नव्हे,
उद्या कुणी विचारलं तर आपण पाहिलंय असं सांगता यावं म्हणून.

भिंतीला कान लावून त्याने पाणी ऐकलं.
खडूने फुली मारली.
फुली पुसली, चार बोटं खाली पुन्हा मारली.
ड्रिल ओरडलं, धुरळा उडाला, बाळ रडलं.
पाणी आलं नाही.
उजेड आला.

पलीकडे त्सिआलाची खोली.
कधीकाळी हा एकच दिवाणखाना होता,
मग कुणीतरी कचेरीत बसून कागदावर रेघ मारली
आणि त्या रेघेवर अजून आम्ही राहतो,
तीन बोटं जाडीची.

त्सिआला आणि नुगझार
अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.
कारण वहीत आहे, पान बारा :
जिन्यातला बल्ब, चाळीस वॅट, रात्रभर जळला.
कुणी चालू ठेवला ते लिहिलेलं नाही.
लिहिलं असतं तर मीही बाराव्या पानावर गेले असते.

नुगझारने त्या उजेडाकडे पाहिलं,
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने
एक वीत सरकून दुसरं भोक पाडलं.
ह्यातून पाणी आलं.

मेदेया खाली धावली.
परत आली तेव्हा हातात छत्री, उघडी.
माझ्या पलंगावर पडतंय, ती म्हणाली,
आणि छत्री मिटायचं तिला सुचेना.

नुगझारने मुख्य कॉक धरला,
दोन्ही हातांनी, दात आवळून.
तेव्हा पहिल्या भोकातून, अकरा वर्षांनी,
एक शब्द आला :
उजवीकडे.

आवाज कुणाचा ते त्याला कळलं.
म्हणूनच असेल,
त्याने आणखी जोर लावून डावीकडे फिरवला.
कॉक हातात आला.

प्लंबर रविवारी आला. चारशे साठ लारी,
रविवारचा दर.
वाटणी माणशी की खोलीनिशी?
पोलंडला ट्रक चालवणारा मेदेयाचा झाझा धरायचा का?
आणि तीन आठवड्यांचं बाळ?
आंघोळ तर रोज करतं, कुणीतरी म्हणालं.
मला वाटतं मीच म्हणाले.
नुगझार गप्प बसून नखातलं प्लास्टर काढत होता.
शेवटी शंभर वेगळे त्याने माझ्या दाराखालून सरकवले,
पाकिटावर नाव न घालता.

भोक मात्र राहिलं.
ते माझं काम नाही, प्लंबर म्हणाला.
रात्री तोंड धुताना पलीकडचा रेडिओ ऐकू यायचा,
तिच्या खोकल्याआधीचा श्वाससुद्धा.
नुगझार दाढीला वेळ लावू लागला.
मी घड्याळ बघितलंय : चोवीस मिनिटं.

मग एका सकाळी भोकात बूच दिसलं,
वाइनच्या बाटलीचं, तिकडून ठोकलेलं.
दोन दिवसांनी इकडूनही एक.

वहीत लिहिलं :
बुचं, दोन. भोक, एक.
खर्च निरंक.

बल्ब अजून येणे आहे.