ळ

स्पर्धेची सूचना मीच लिहिली फळ्यावर:
कथा बाराशे शब्दांची, पानाच्या एकाच बाजूला,
हस्तलिखितावर नाव, पत्ता, खूण, काहीही नको.
बावीस वर्षं मंडळाचा फळा मीच लिहितो,
सभांची इतिवृत्तं, वर्गणीच्या पावत्या
आणि दोन-तीन शोकठराव, जरा बरे जमलेले.
अकरा सभासद. अकराही जण
माझा हात ओळखतात, दिवे गेले तरी.

म्हणून भदौरियांच्या गुंजनला बोलावलं.
अकरावीत आहे, अक्षर छापल्यासारखं,
पानाला दहा रुपये आणि वर गजक, असं ठरलं.
जानेवारीचं धुकं जनकगंजात इतकं
की दुपारी दोनला ट्यूबलाइट लावून बसली,
पायाशी हीटर, डोक्याला भावाची माकडटोपी,
मराठी न कळता मराठी उतरवत.
"चाचा, ये क्या है? लेटा हुआ आठ?"
ळ, म्हटलं. जीभ मागे वळवून म्हण.
म्हणून पाहिलं तिनं दोनदा.
"इसमें तो जीभ को मोच आ जाएगी।"

रात्री वाचायला घेतली, तर
कथेतला एकूण एक ळ गळून ल झालेला.
वेळ निघून गेली, तिथे वेल निघून गेली.
मूळ दुखणं होतं ते मूल दुखणं,
आईचे डोले भरून आलेले,
वडील हात मारून घेतायत कपालावर.
आणि पाकिटावर, ठसठशीत, तीनदा गिरवून: मंडल.

पेन घेतलं आणि एकेक ल खोडून
वर ळ बसवत गेलो.
माझा ळ डावीकडे कलंडतो, शाळेपासून.
तो सरळ करायला हात काही तयार होईना.

तिसऱ्या पानावर बहीण घर सोडते,
तिथे अडलो.
(नाव बदलायचं होतं कथेत. राहिलं.)
आम्ही तिला कमळ म्हणायचो.
एकोणिसाव्या वर्षी कंपूतल्या टायपिंग क्लासला गेली
ती जेवायला आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.
तोमर म्हणून कुणी होता,
डबऱ्याला त्याची खताची एजन्सी.
दीड वर्षानं एक पोस्टकार्ड आलं,
चार ओळी खुशालीच्या, खाली सही: कमल.
वडिलांनी लांब धरून वाचलं.
"अक्षरसुद्धा त्यांचंच झालं हिचं," म्हणाले,
आणि बंबात टाकलं.
पाणी त्या दिवशी नेहमीएवढंच तापलं.

हे कार्ड माझ्या कथेत नव्हतं.
बाराशे शब्दांत बसत नाही,
असं मी स्वतःला सांगितलं होतं.
आणि आता एका परक्या मुलीच्या
गोल, निर्मळ अक्षरात
तिसऱ्या पानापासून पुढे
कमल, कमल, कमल,
मोजलं तर सतरा वेळा.

उंबरठ्यापर्यंतचे दुरुस्त करून झाले होतेच.
पुढेही वेळ, डोळे, कपाळ, सगळं केलं.
तिला तेवढी तशीच राहू दिली.

शनिवारी वाचनालयात, मुदतीला वीस मिनिटं असताना,
इंदापूरकरबाईंनी पाकीट घेतलं,
"मंडल" वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
पानं मोजायला उघडलं, पहिल्याच ओळीत थांबल्या.
मग मागे वळून फळ्याकडे पाहिलं.
कलंडलेला ळ तिथेही होता.
काही बोलल्या नाहीत.
पाकिटावर लिहिलं: क्रमांक तीन.
"चौथी आता कुणाची यायची," म्हणाल्या,
आणि पेनाला टोपण लावलं.

गुंजन जिन्यातच उभी होती, टोपी हातात.
"चाचा, वो कमल वापस आती है क्या?
आख़िरी पन्ना समझ में नहीं आया।"
बाराशेच शब्द होते गं, म्हटलं.
"तो बारह सौ एक कर देते।"

सात पानांचे सत्तर रुपये मोजून दिले.
सुटे नव्हते, म्हणून ऐंशी.