आतली कड

मे महिन्याची दुपार. शिरोली नाक्यावर डांबर मऊ झालेलं.
दस्तगीर मुजावरच्या शेडसमोर ट्रेलर उभा केला,
त्याच्यावर आमच्या मंडळाची बोट,
दोन वर्षं नदीचं पाणी न बघितलेली.
म्हटलं, डावा टायर बदल.
तो म्हणाला, हा कितवा?
म्हटलं, तिसरा.
आणि उजवा?
उजवा पहिलाच.

मग त्यानं पाना खाली ठेवला.
चहा सांगितला. म्हणजे आता वेळ लागणार.

हवा कमी ठेवत असशील, मीच मला बोललो मोठ्यानं.
तो हसला.
"हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या.
जास्त असती तर मधला पट्टा.
ह्यो एकाच अंगानं खाल्लाय. आतनं.
भायेरनं बगितलं तर नवाच वाटतोय बघ."
आणि माझा हात धरून
चाकाच्या मागच्या बाजूला नेला,
जिथं कुणी बघत नाही.
रबर संपून तारा बोटाला लागल्या.

जॅक लावला. चाक हातानं फिरवलं,
हबला कान लावून ऐकत बसला,
रस्त्यावरनं उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या गेल्या तरी हलला नाही.
बेअरिंग गप होतं.
पाट्याचे नट गप होते.
सुतळी ताणली पुढून मागं, चाक सरळ धावत होतं.
मग पट्टीनं मोजलं, चाकाच्या वरच्या काठापासून चासीपर्यंत,
खालच्या काठापासून चासीपर्यंत.
पुन्हा मोजलं.
"तेरा मिलीचा फरक. वरनं आत कललंय.
अ‍ॅक्सल डाव्या टोकाला उचलला गेलाय.
खड्ड्यानं न्हाई हो असं व्हत. वजनानं व्हतं.
ह्येच्यावर कवा काय घातलं हुतंस?"

मी म्हटलं, बोट.
"बोटीनं न्हाई वाकत."

चिखलीच्या उतारावर, रात्री अडीचला,
ट्रॅक्टरनं ट्रेलर पाण्याबाहेर ओढत होतो.
नियम असा की माणसं आधी उतरवायची, मग बोट ओढायची.
पण कमरेइतकं पाणी, आणि वीज गेलेली,
आणि उतरायला कुणी तयार नाही.
चौदा माणसं. शिवाय गिरणीवाला अण्णाप्पा मगदूम
गिरणीची मोटर घेऊन बसलेला,
ओतीव लोखंडाची, पोत्यात गुंडाळलेली.
मी नको म्हटलं होतं.
तो म्हणाला, मग मीही राहतो.
मोटर डाव्या अंगाला ठेवली,
कारण उजवीकडं इंजिनाचं तेल सांडलं होतं.
डावं चाक गटारात गेलं.
काहीतरी करकरलं.
ट्रॅक्टरच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही
असं मी दोन वर्षं म्हणत आलोय.

सकाळी तहसीलच्या माणसानं रजिस्टर पुढं केलं.
बोटीची क्षमता आठ.
मी आठ लिहिलं. सही केली.
नंतर मंडळाच्या फोटोत उभा राहिलो, हार घालून,
माझ्या मागं हाच ट्रेलर,
चिखल धुतलेला, सरळ दिसणारा.

दस्तगीरला एवढं सगळं सांगितलं नाही.
म्हटलं, एक मोटर होती.
"किती किलोची?"
नव्वद असेल.
त्यानं अ‍ॅक्सलकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि चहाचा ग्लास उलटा करून ठेवला.
"नवा टायर आज घालून दीन. पण तो बी आतनंच जाणार.
अ‍ॅक्सल काढून उद्यमनगरला पाठव,
सरळ करायच्या नादाला लागू नको, बदल.
पावसाच्या आधी."

बिल मंडळाच्या नावानं.
खजिनदाराला कारण लागतं, लिहून दे म्हटलं.
पेन हातात धरून तो जरा थांबला.
काय लिहू?
मी काही बोललो नाही.
त्यानं लिहिलं: नेहमीची झीज. शिक्का मारला.

जुना टायर मी मागून घेतला.
बोटीच्या डाव्या अंगाला बांधीन म्हणतो, धक्क्याला.

घरी जाताना उगाच गिरणीवरनं वळलो.
चालू होती.
अण्णाप्पा पिठानं पांढरा, चाळणीत ज्वारी ओतत होता,
हात वर केला त्यानं.
मीही केला.