आतली कड

चार जण, चार फेऱ्या, ब्रेक एकालाही नाही.
मी लुत्सिना, ट्रॅक्टरवाली,
शर्यत संपली की उडालेली लाल माती
पुन्हा जागेवर ओढणारी.
निकाल मला चाकोऱ्यांवरून कळतो.

ज्या वर्षी आम्ही वरच्या गटात चढलो
आतल्या कडेला बोटभर खोल खाच पडायची,
दर रविवारी त्याच जागी. झेनेकची.
साखर कारखान्याने सुट्टीचा भोंगा वाजवला,
पाद्रीबुवांनी प्रवचन आटोपतं घेतलं.

पुढच्या मोसमात कारखान्यालाच कुलूप.
जॅकेटवरच्या रानडुकराखालचं त्यांचं नाव
बायकांनी उसवून काढलं; टाक्यांची भोकं राहिली.
झेनेक स्वीडनला गेला, पैशासाठी.
त्याला कोण नावं ठेवील?
मी ठेवली.

मग नुसतं हरणं. नव्वदातले तीस, अठ्ठावीस.
एकदा तर पाऊस, आणि कठड्याशी
मोजून अकरा छत्र्या.
बोगुमिल तरी पत्रिकेतल्या चौकटींत
शून्यं सुबक काढायचा,
टोपलीत अंडी मांडावीत तशी.

यंदा एक पोरगा आलाय, म्येश्को. सोळाचा.
तीनदा पडला.
चौथ्यांदा फीत वर उडाली तेव्हा
मी थर्मासमधून चहा ओतत होते,
पाहिलंच नाही.
ओरडा झाला, पण ओरडा काय,
पडल्यावरही होतो.

नंतर माती ओढायला उतरले,
तर आतल्या कडेला
बोटभर.

ट्रॅक्टर थांबवला.
पंच शिट्ट्या मारत होता.
दाताळं उचललं, तेवढी जागा ओलांडली,
आणि पुढे टेकवलं.