एसच्या अलीकडे, एसच्या पलीकडे

इंग्रजी अक्षराला बारा रुपये,
मराठीला दहा, काना-मात्रा धरून.
वरचा स्वल्पविराम फुकट.
म्हापशात माझा हा दर सगळ्यांना ठाऊक,
म्हणून लोक तो मागून घेतात,
भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा,
आणि ठेवायचा कुठे ते माझ्यावर सोडतात.

शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी.
माझं इंग्रजी सगळं टॉमाझीन टीचरचं.
शुक्रवारी बाजाराला येताना
पिशवी खाली ठेवून ती माझे ओले बोर्ड वाचायची.
'लेडीज टेलर'मध्ये स्वल्पविराम
मी एसच्या आधी काढला, त्या दिवशी:
"कितें रे हें, च्यारी?
हा काय एकाच बाईचे कपडे शिवतो?"
बाई एक असली तर एसच्या अलीकडे.
पुष्कळ असल्या तर पलीकडे.
"आणि चिल्ड्रन?"
"ती आधीचीच पुष्कळ. एस मागाहून येतो.
म्हणून पुन्हा अलीकडे."
मी मान हलवली,
रॉकेलच्या चिंधीने पुसून टाकलं.

बोलताना काहीच कळत नाही.
एकाचं, अनेकांचं, की नुसतेच अनेक,
कानाला तिन्ही सारखे.
मालकी दिसते ती लिहिल्यावर.
तसं आपलंही आहे म्हणा:
भावाची, भावांची.
मधे एक टिंब,
तेही बोलताना आपण गिळतो.

खोर्लीच्या चढावर मिनेझिस भावांची सोडा फॅक्टरी.
आग्नेल बाटल्या भरायचा,
सालू सायकलवरून पोचवायचा,
बोस्त्यांव हिशेब लिहायचा आणि दुपारी झोपायचा.
'ब्रदर्स' लिहून एसच्या पलीकडे
मी जाड, लाल स्वल्पविराम काढला.
तिघंही खाली उभे, माना वर करून,
जसा काही तो पडणारच आहे.

पुढे बोस्त्यांव स्विंडनला गेला.
आग्नेल आठ दिवसांच्या तापात गेला.
सालू आला माझ्याकडे, टोपी हातात:
"आता मी एकटाच.
तो जरा अलीकडे घे. किती होतील?"
फुकट, म्हटलं.
शिडी लावली, खरवडला, वर पांढरा दिला,
आणि डावीकडे नवा काढला.
बोटभर अंतर.
तेवढ्यात दोन भाऊ बाहेर.

पण माझा पांढरा हलका निघाला.
दोन उन्हाळ्यांत उडाला, जुना लाल वर आला.
मग एसच्या दोन्ही अंगांना दोन,
आणि मधे तो एस,
पंचायतीत बोलावलेल्या साक्षीदारासारखा.

त्याच वर्षी एर्मेलिंद आली काणकोणहून,
काखेत कागदांची फाईल.
वाटणी इथे सगळ्यांच्या सहीशिवाय होत नाही,
लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्याही.
बोर्डाखाली उभी राहून तिने विचारलं,
"मी कुठे आहे ह्यात?
गोटीच्या बाटल्या अकरा वर्षं मी धुतल्या."

ब्रदर्समध्ये तुला जागा नाही, बाय,
स्वल्पविराम कुठेही नेला तरी.
असं म्हणालो खरा,
पण रात्री टीचरकडे गेलो.
तिला आता दिसत नाही, मी बोटाने
तिच्या तळव्यावर अक्षरं काढली.
"मिनेझिस. अनेक झाले की मिनेझिसिस.
आणि त्यांचं झालं की…"
हसायलाच लागली.
"नको रे, सोडा घशात अडकेल."

सकाळी इंग्रजीला हात लावला नाही.
खाली मोकळी पट्टी होती, तिथे लिहिलं:
भावंडांची सोडा फॅक्टरी.
सालू शिडी धरून होता, काही बोलला नाही.
एर्मेलिंद म्हणाली, "ते दुसरं टिंब पुसट आहे."
पुन्हा ब्रश बुडवला.

नऊ अक्षरं, नव्वद रुपये.
सत्तर सालूच्या खिशात निघाले.
वीस तिने घातले.