टिंबाचे आठ आणे

तांबट गल्लीत आमचं दुकान, दोन माणसं उभी राहिली
की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं.
वडील पितळेवर नावं कोरायचे. अक्षराला रुपया,
टिंबाचे आठ आणे.
त्यामुळे इंग्रजी पाट्यांत आमच्याकडे टिंबांना तोटा नव्हता.
डॉक्टरमागे एक, वकिलामागे एक,
एम.बी.बी.एस. आला तर दिवाळीच.
आणि कुणी नुसताच पगारे असला
तरी शेवटी एक ठोकायचं, नाव उघडं राहू नये म्हणून.

साळवे बाई आल्या तेव्हा कुंभासाठी रस्ते अडवलेले,
शरणपूरहून चालत आल्या होत्या.
तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाई.
पाटी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला,
छत्रीच्या टोकानं दाखवलं:
"हे कुणी सांगितलं?"

मिसेसच्या पुढे मी मारलं होतं.
एम, आर, एस, आणि ठक्.

"एस हे त्या शब्दाचं शेवटचं अक्षर ना?
मधली गळाली असतील वाटेत. पण शब्द घरी पोचला.
पोचलेल्याला टिंब कशाला?
प्रोफेसर बघ. पी, आर, ओ, एफ, की संपला रस्ता.
जिथे मोडतो, तिथे टिंब. आपलं 'कै.' असतं, तसं."

वडील म्हणाले, बाई, पितळेतला खड्डा परत निघत नाही,
आठ आणे सोडतो.
"आठ आणे घ्या. टिंब काढा."

मग मी कथील वितळवून त्या खड्ड्याला डाग दिला,
कानस मारली, चिंचेनं घासलं.
दिसायचंच थोडं. बाईंनी बोट फिरवलं
आणि वहीतल्या चुकीला देतात तसे
अर्धे मार्क दिले मला, न बोलता.

दर नाताळाआधी पाटी उजळायला यायच्या.
एकदा सांगत होत्या, शिकागोचा भाचा म्हणतो,
मावशी, आमच्याकडे टिंब लागतंच.
"म्हटलं, तुझ्या दारावर ठोक.
माझं दार शरणपूरला आहे."

वडील गेल्यावर मी टिंबाचे पैसे बंद केले.
डी, आर, पुढे काही नाही, कारण आर पोचलाय.
गंगापूर रोडचे एक डॉक्टर भांडायलाच उठले:
टिंबाशिवाय डिग्री खोटी वाटते, पेशंट काय म्हणतील?
दिलं त्यांना. फुकट. मलाही पोट आहे.

परवा मोडीवाल्याच्या तराजूत ती दिसली,
कुकरच्या झाकणाखाली, तीनशे ग्रॅम.
घर विकलं म्हणे भाच्यानं.
पितळ काळं पडलेलं, एम, आर, एस,
आणि एसच्या पायाशी एक पांढरा ठिपका,
कथील, जसंच्या तसं.

भावाच्या दुप्पट देऊन आणली.
वर एक ओळ घालावी म्हणून छिन्नी घेतली,
'कै.' आखलं पेन्सिलीनं, टिंबासकट, नियमानं बरोबर.
मग थांबलो. बाई कैलासात कशाला जातील?
पुसलं थुंकीनं.

ख्रिस्तवासी.
सगळी अक्षरं घातली,
शेवटच्या वेलांटीपर्यंत.