अंधार किंचित लांबला

दैनिक ‘दुधनाकाठ’, पान चार, खालचा कोपरा.
दोनशे शब्द. मानधन म्हणजे एक फुकट अंक
आणि पहिल्या रांगेतली खुर्ची,
जिची एक पट्टी तुटलेली.

सेलूत वर्षाला तीन नाटकं व्हायची, फार तर चार.
गणपतीत एक, स्पर्धेच्या आधी एक,
अन् एक कुणाच्या तरी हट्टापायी.
मी सगळी पाहिली, सगळ्यांवर लिहिलं.
‘नेपथ्य सूचक’ लिहिलं, म्हणजे नेपथ्य नव्हतं.
‘लिपणे यांनी भूमिकेला न्याय दिला’,
म्हणजे लिपणेंच्या दुकानात माझी साखरेची उधारी होती.
एका नायकाच्या गप्प राहण्याला मी
‘अर्थगर्भ विराम’ म्हटलं.
तो मालगाडी जायची वाट बघत होता.
दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर गाठलं त्यानं:
‘सर, विराम लई आवडला म्हनं.
परभणीच्या प्रयोगाला आता गाडी कुठनं आणावी?’

‘बिनाकडीचं दार’ मात्र मन लावून पाहिलं.
सुलक्षणा काष्टे, जिल्हा बँकेत कॅशियर,
पोरगं गेलेल्या बाईचं काम करायली होती.
दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती नुसती बसली,
पदराची गाठ सोडत,
अन् उजेड
तिच्या पायांवरून, मग मांडीवरून, मग हातांवरून
असा निघून गेला
जसं घरातलं कुणी
चप्पल न वाजवता उठून जावं.

मध्यंतरात विंगेत गेलो.
तिथं महेबूबभाई वाइंडिंगवाले.
सिमेंटच्या पाइपचे दोन तुकडे, खालून बंद केलेले,
त्यांत मिठाचं पाणी,
पाण्यात तांब्याची पट्टी दोरीला बांधलेली,
दोरी त्यांच्या बोटात.
पट्टी बोटभर वर आली
की सुलक्षणाच्या हातावरचा उजेड बोटभर कमी.
पाण्यातून वाफ यायली होती.
एका हातात रबरी मोजा, दुसरा हात उघडा.
‘सर, नजीक नका येऊ. करंट है.’

त्या रात्री तीनशे शब्द झाले.
दोष वर घातले,
समीक्षकानं आधी दोष सांगावेत
असं मला तेव्हा वाटायचं:
संवाद तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाहीत.
दुसऱ्या अंकानंतरचा अंधार किंचित लांबला.
शेवटचा परिच्छेद अख्खा महेबूबभाईंचा.
मीठ, पाणी, दोरी, वाफ.
मी लिहिलेला एकुलता एक परिच्छेद
ज्यात कुणी कशाला न्याय दिला नव्हता.

सकाळी प्लॉटिंगची जाहिरात आली.
रोडगे साहेबांनी खालून कापलं.
पेपर खालूनच कापतात.

चार दिवस त्यांच्या गल्लीतून गेलो नाही.
पाचव्या दिवशी घरचा पंखा जळाला.

दुकानात, तांब्याच्या तारेच्या रिळांमधे,
मीटरच्या फळीवर, वार्निशनं चिकटवलेलं
माझं परीक्षण, उरलंसुरलं.
एका ओळीखाली टेस्टरच्या टोकानं ओढलेली रेघ:
अंधार किंचित लांबला.

मी सांगायला लागलो, खाली अजून होतं,
तुमच्यावरच होतं, ते साहेबांनी…
ते पंख्याची वाटी उघडत होते.
‘बत्तीस साल झाले सर.
उजेड केला की लोक नटाला बघतेत.
अंधाराला कुणीच बघितलं नव्हतं.
तुम्ही बघितलं.’
मग स्क्रू दातात धरून:
‘अन् लांबला नव्हता. मी लांबवला.
बाई खरंखरं रडायली होती.
डोळे पुसायला टाइम नको?’

मी काही बोललो नाही.
विरामाला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही.

वाइंडिंगचे पैसे त्यांनी पुरे घेतले,
वर पावती दिली.
पावतीवर, बारीक अक्षरात:
कॉइल नवी. आवाज किंचित येईल.