दुसरी चाचणी

सायमा बागवान, वय सात.
लाल झाकणाची नळी, अर्धीच भरलेली.
शीर सापडेपर्यंत तिने माझ्या एप्रनचं
दुसरं बटण मुठीत धरून ठेवलं होतं.
सकाळी डोळे सुजतात. लघवी चहासारखी,
बिनदुधाच्या, असं आई म्हणाली
आणि कुणी ऐकलं का ते मागे वळून पाहिलं.

"अंगावर मध्ये कधी फोड, पुरळ?"
"नाही हो. आमच्याकडे रोज आंघोळ असते."

आंघोळीचं मी विचारलंच नव्हतं.

काळ्या काचेवर सिरमचा थेंब,
शेजारी दुधट रसायन. काडीने मिसळायचं,
मग काच डुलवायची दोन मिनिटं,
तान्ह्याला निजवावं इतकी हळू.
दूध फाटलं तर ओळख पटली.

नाही फाटलं.
खाली रास्ता पेठेत कुणीतरी रिक्षाला किक मारत होतं,
थेंब गुळगुळीत, कानांवर हात ठेवून.

पण ही चाचणी घशाची बोली जाणते.
कातडीवरचं तिच्या कानी फारसं येत नाही,
कातडीतली चरबीच ते विष निववते,
असं फाटक मॅडम सांगायच्या, डबा खाता खाता.
म्हणून दुसरी. डीएनेज बी.
यंत्र नळीतून उजेड सोडतं
आणि गढूळपणात किती सांडला ते मोजतं.

आठशे वीस.

म्हणजे होते फोड.
सहामाहीच्या आधी कधीतरी, पायावर,
डास चावून, खाजवून, मधासारखी खपली धरलेले.
खपल्या पडल्या. घरात विषय मिटला.
रक्ताने मात्र तो चेहरा पाठ केला होता
आणि घोकणं थांबवायला त्याला
कुणी सांगितलंच नाही.
आता मूत्रपिंडाच्या जाळीत तो गाळ अडकलाय.

रिपोर्टात आकड्याला रकाना आहे,
'नाही हो'ला नाही. बरंय.

संध्याकाळी खिडकीशी आईने कागद उलटासुलटा केला.
"यात काय बघतात?"
"जंतूंशी आधी गाठ पडली होती का, ते."
तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"शाळेतून चिठ्ठी आली होती. खरूज म्हणून.
सगळ्यांदेखत उठवून एकटीला मागे बसवलं.
तेव्हापासून मी कुणालाच…"

सायमाने तोवर मोजा खाली ओढला होता.
पोटरीवर फिकट टिकल्या.
पाच, मी मनात मोजल्या.

"सहा आहेत," ती म्हणाली,
आणि पाय वळवून
मागची दाखवली.